उलटी टचस्क्रीन, अडकलेले बोट आणि ‘डिफॉल्ट वाय’

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. धुळे, शिरपूर आणि चोपडा भागातल्या जिनिंग मिलच्या भुईकाट्यांवर आणि रावेर-सावद्याकडे केळी भरण्याच्या ठिकाणी तुम्ही बसवलेली साठेक लहान यंत्रे लिनक्सवर चालतात. त्यांचे कर्नल, म्हणजे हार्डवेअर सांभाळणारा लिनक्सचा गाभा, तुम्ही स्वतः बांधता आणि आता ६.१ वरून ६.१२ वर जाण्याची तयारी चालू आहे. नव्या खेपेतल्या टचस्क्रीनचा उभा अक्ष उलटा आहे. त्यांतल्या काही पॅनेलवर बोट उजव्या कडेला नेले तरी बाण पडद्याच्या मध्यावरच थांबतो. पावती छापून झाली की पुढचा स्पर्श ‘अडकतो’. आणि वीज जाऊन इन्व्हर्टर लागला की अंकांचा कीपॅड मुका होतो. नव्या कर्नलवर पहिल्याच दिवशी टच नीट चालेना, म्हणून तुमच्या सहकाऱ्याने केकॉन्फिगच्या, म्हणजे कर्नल बांधताना काय काय घ्यायचे याचे पर्याय मांडणाऱ्या, फायलींत पाच-सहा ठिकाणी ‘डिफॉल्ट वाय’ (कोणी न विचारता ‘हो’) लिहून टाकले. हे सगळे बदल कर्नलमध्येच ठेवावेत का, आणि ठेवले तर दरवर्षी सांभाळायचे कसे, असे तुम्ही विचारले आहे.

आधी निकाल सांगतो, कारणे मागून येतील. या तक्रारींपैकी एकीसाठीही कर्नलचा सोर्स बदलण्याची गरज मला दिसत नाही, आणि ‘डिफॉल्ट वाय’चे सगळे बदल आजच परत घ्यावेत. पुण्यातली काही वर्षे आणि नंतर जळगावातून केलेले काम धरले, तर इनपुटच्या या कोपऱ्यात माझा बराच काळ गेला आहे, आणि जे करू नका म्हणून मी सांगणार आहे त्यातले बहुतेक मी स्वतः करून बसलेलो आहे.

कोणता दोष कोणत्या मजल्यावर राहतो, हे पहिल्यांदा ठरवावे लागते. एक साधे उदाहरण घ्या. मराठी इनस्क्रिप्ट मांडणीत ‘क’ उमटवण्यासाठी आपण जी कळ दाबतो, तिच्याबद्दल कर्नल फक्त ‘की के’ एवढेच सांगतो. त्या कळीचा क्रमांक ३७ आणि किंमत १, म्हणजे दाबली. सोडली की तोच क्रमांक आणि किंमत ०. देवनागरी, शिफ्टबरोबर येणारा ‘ख’, आल्टजीआरबरोबर येणारे रुपयाचे चिन्ह, यांतले कर्नलला काहीही ठाऊक नसते. ३७ मध्ये ८ मिळवून झालेला ४५ हा आकडा वरच्या मजल्यावर एक्सकेबीच्या, म्हणजे कीबोर्डची मांडणी ठरवणाऱ्या यंत्रणेच्या, हाती पडतो, आणि अक्षर तिथे जन्माला येते. मराठी कीबोर्ड कर्नलमध्येच टाकता येईल का, असे मला दोन-तीन शाळांतून विचारले गेले आहे. तो टाकायचा नसतोच, कारण एकाच यंत्रावर सकाळी इंग्रजीत आणि दुपारी मराठीत टंकलेखन होऊ शकते, आणि कर्नलने त्यात एक बाजू घेऊन टाकली तर दुसरीची पंचाईत होते. कर्नलने हार्डवेअर जे म्हणते ते जसेच्या तसे, ठरलेल्या क्रमांकांत सांगावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. ते क्रमांक मात्र एकदा दिले की बदलत नाहीत. नव्या कळीला नवा क्रमांक मिळतो, जुना कोणी हलवत नाही.

हीच फूटपट्टी तुमच्या उलट्या अक्षाला लावा. पॅनेलची चिप चुकीचे काही सांगत नाही. काच पेटीत बसवताना ती वरची बाजू खाली करून चिकटवली गेली आहे, कारण केबल त्या बाजूने सोयीची पडते. मी अशा पेट्या उघडून पाहिलेल्या आहेत. म्हणजे दोष पेटीचा आहे, चिपचा नाही. तीच चिप दुसऱ्या कोणी सरळ बसवली असेल, आणि यूएसबीवरचे तिचे विक्रेता-उत्पादन क्रमांक तेच असतील. त्या क्रमांकावर बेतलेला अक्ष-उलटा पॅच (सोर्समधला बदल) कर्नलमध्ये गेला, तर तुमची यंत्रे सुधारतील आणि त्या अनोळखी माणसाची बिघडतील. आर्म बोर्डांवर ही सोय डिव्हाइस ट्रीमध्ये ‘टचस्क्रीन इन्व्हर्टेड वाय’ या गुणधर्माने केलेली असते, कारण तिथे बोर्डाचे वर्णन वेगळे लिहिलेले असते. एक्स८६ टॅब्लेटसाठी ‘टचस्क्रीन डीएमआय’ नावाची फाइल आहे, आणि तीही चिपवर न जाता यंत्राच्या डीएमआय, म्हणजे बायोसने सांगितलेल्या, नावावर जुळवणी करते. तुमच्यासारख्या यूएसबी पॅनेलला यूडेव्हच्या (उपकरण जोडले की त्याची व्यवस्था लावणाऱ्या सेवेच्या) नियमात लिबइनपुट या इनपुट हाताळणाऱ्या लायब्ररीचा कॅलिब्रेशन मॅट्रिक्स द्यावा. फक्त उभा अक्ष उलटवायचा असेल तर ते सहा आकडे १ ० ० ० -१ १ असे येतात. पडदा पूर्ण १८० अंशांत फिरवलेला असेल तर -१ ० १ ० -१ १.

इथे एक अडचण आहे आणि ती तुम्हाला लागू होते. तुमचा वजनाचा प्रोग्राम लिबइनपुटमधून जात नाही. तो इव्हडेव्हची, म्हणजे कर्नल जिच्यातून इनपुटच्या नोंदी देतो ती, फाइल थेट उघडतो, असे तुम्ही लिहिले आहे. मग हा मॅट्रिक्स त्याच्यापर्यंत पोहोचणारच नाही, आणि नियम लिहूनही काही फरक पडला नाही म्हणून तुम्ही पुन्हा कर्नलकडे वळाल. तेव्हा एकतर प्रोग्राम लिबइनपुटवर आणा, किंवा त्याच्याच सेटिंगच्या फायलीत अक्ष उलटवण्याची एक ओळ ठेवा. माझा कल पहिल्या पर्यायाकडे आहे. त्याचे खरे कारण पुढे अडकलेल्या स्पर्शाच्या वेळी येईल.

बाण मध्यावर थांबण्याचा प्रकार वेगळा आहे, आणि तो डोळ्यांनी पाहण्यासारखा आहे. इव्हटेस्ट हे इनपुटच्या नोंदी दाखवणारे साधन चालवून ते पॅनेल निवडा. सुरुवातीलाच ते अक्षांची यादी छापते: आडवा अक्ष, किमान ०, कमाल ४०९५. आता चारही कोपऱ्यांवर बोट ठेवा आणि खाली वाहणारे आकडे वाचा. उजव्या कडेला ते २०४७ च्या पुढे जात नसतील, तर पॅनेलने आपल्या रिपोर्ट डिस्क्रिप्टरमध्ये (उपकरण कर्नलला देते त्या स्वतःच्या वर्णनात) जे वचन दिले आहे त्याच्या निम्मेच ते प्रत्यक्षात पाठवते आहे, एवढे सिद्ध झाले. हा दोष खरोखर उपकरणाचा आहे, तरीही त्याला कर्नलचा पॅच लागत नाही. यूडेव्हच्या एचडब्ल्यूडीबीत, म्हणजे हार्डवेअरच्या माहितीसाठ्यात, ‘६०-इव्हडेव्ह’ ही फाइल नेमकी याच कामासाठी आहे. तीत अक्षाचा षोडशमान (हेक्साडेसिमल) क्रमांक देऊन खरी कमाल मर्यादा लिहिली, की उपकरण जोडले जाताच ती मर्यादा कर्नललाच कळवली जाते, आणि मग थेट इव्हडेव्ह वाचणाऱ्या प्रोग्रामलाही ती दिसते. लक्षात ठेवा, मल्टिटच पॅनेलला चार ओळी लागतात: साध्या अक्षांचे ०० आणि ०१, आणि मल्टिटचचे ३५ आणि ३६. पहिल्या दोनच लिहून ‘काही उपयोग झाला नाही’ असे म्हणणारे मला दरवर्षी भेटतात. आणि जुळवणी करताना नुसत्या विक्रेता-उत्पादन क्रमांकावर थांबू नका. त्याऐवजी उपकरणाचे नाव आणि यंत्राचे डीएमआय एका ओळीत घालूनही जुळवणी करता येते. स्वस्त पॅनेल बनवणारे अनेकदा चिपवाल्याने नमुन्यासाठी दिलेला क्रमांकच पुढे चालवतात, त्यामुळे एका क्रमांकाखाली तीन वेगवेगळी उपकरणे सापडणे मुळीच दुर्मीळ नाही.

कर्नलमध्ये हात घालण्याची वेळ येते ती डिस्क्रिप्टर इतका फसलेला असतो तेव्हा, की कर्नल त्या उपकरणाला स्पर्शाचे उपकरण म्हणून ओळखतच नाही. अशी खेप तुम्हाला आज ना उद्या मिळेल, म्हणून पद्धत सांगून ठेवतो. एचआयडी (कीबोर्ड, माउस, टच अशा उपकरणांची ठरलेली भाषा) बोलणाऱ्या उपकरणांच्या ड्रायव्हरमध्ये ‘रिपोर्ट फिक्सअप’ नावाचे एक फंक्शन देता येते. डिस्क्रिप्टर वाचला जाण्यापूर्वी त्याचे बाइट त्यात दुरुस्त करता येतात. चांगला फिक्सअप आधी डिस्क्रिप्टरची लांबी तपासतो, मग ज्या जागचा बाइट बदलायचा आहे तिथे अपेक्षित चुकीचा बाइटच आहे ना हे पाहतो, आणि दोन्ही जुळले तरच हात लावतो. कारण उद्या त्या कंपनीने फर्मवेअर सुधारले, तर तुमची दुरुस्ती बरोबर डिस्क्रिप्टर बिघडवील. ही तपासणी नसलेला पॅच मी तरी पुढे जाऊ देणार नाही, मग तो कितीही लहान असो.

उपकरणागणिक दुरुस्ती लिहिण्यापेक्षा सर्वांना पुरणारा एक नियम बरा, याचे माझ्या आवडीचे उदाहरण इथेच आहे. कमाल मर्यादा २५५ लिहायची असताना अनेक उत्पादक डिस्क्रिप्टरमध्ये ‘२५ एफएफ’ असे दोन बाइट लिहितात. एचआयडीच्या नियमाप्रमाणे एका बाइटचा तो आकडा चिन्हासह वाचला जातो, म्हणजे त्याचा अर्थ उणे एक होतो. २५५ साठी ‘२६ एफएफ ००’ असे तीन बाइट हवेत. लिनक्सचा वाचक अशा वेळी किमान मर्यादा पाहतो. ती उणे नसेल तर कमालही उणे असणार नाही असे धरून तो आकडा चिन्हाविना वाचतो, आणि ही चूक करणाऱ्या उपकरणांसाठी यादी करत बसावे लागत नाही.

२०२३ मध्ये आलेल्या ६.३ पासून एचआयडी-बीपीएफ हा आणखी एक मार्ग मिळाला आहे. डिस्क्रिप्टरची तीच दुरुस्ती एका छोट्या बीपीएफ प्रोग्राममध्ये लिहून बाहेरून चढवता येते, कर्नल पुन्हा बांधावा लागत नाही. तुम्ही ६.१२ वर जातच आहात, तेव्हा नवी खेप आली की आधी तिथे दुरुस्ती करून पाहा, दोन-तीन महिने मिलवर चालू द्या, आणि मगच तिला कर्नलमध्ये कायमची जागा मागा.

आता अडकणाऱ्या स्पर्शाकडे येतो, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण या एका दोषाने माझे दोन आठवडे खाल्ले होते. हंगामाचा ऐन भर होता, मिलच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, आणि दर चार-पाच पावत्यांनंतर पडद्यावरचे बटण दाबले जाण्याऐवजी ओढले जात असे, जणू मागचे बोट काचेवरून उचललेच नव्हते. मी पहिल्या दिवशीच ड्रायव्हरला गुन्हेगार ठरवले. बोट उचलल्याची खबर उशिरा येते असे मानून ड्रायव्हरमध्ये थोडा विलंब घालणारा पॅच लिहिला. त्याने प्रकार वाढला. मग पॅनेल बदलले, केबल बदलली, अर्थिंग तपासले. शेवटी कंटाळून प्रोग्राम चालू असतानाच शेजारच्या खिडकीत इव्हटेस्ट लावले आणि नुसते बघत बसलो. पुढच्या अडकण्याच्या वेळी इव्हटेस्टमध्ये बोट उचलल्याची नोंद स्पष्ट होती: ट्रॅकिंग आयडी उणे १, त्यामागे स्पर्शाच्या कळीची किंमत ०, त्यामागे नोंदींचा गट संपल्याची ‘सिंक’ ही खूण. कर्नलने खबर वेळेवर दिली होती. प्रोग्रामला ती मिळाली नव्हती.

याचे कारण असे, की इव्हडेव्हची फाइल उघडणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला कर्नल स्वतंत्र बफर देतो. इव्हटेस्ट आपला बफर भराभर रिकामा करत होते. वजनाचा प्रोग्राम मात्र पावती छापून होईपर्यंत, म्हणजे तीन-चार सेकंद, प्रिंटरपाशी थांबून राहत असे, आणि तेवढ्या वेळात गाडीवाल्याचा हात काचेवर फिरत असला की काही शे नोंदी साठत. बफर भरला की कर्नल न वाचलेल्या नोंदी टाकून देतो आणि त्यांच्या जागी ‘सिन ड्रॉप्ड’ नावाची एक नोंद ठेवतो. तिचा अर्थ असा: मधले काही गळले आहे, माझ्याकडून सद्यस्थिती पुन्हा विचारून घे. ती मिळाली की प्रोग्रामने पुढच्या सिंकपर्यंतच्या नोंदी सोडून द्यायच्या असतात, आणि कोणत्या कळा दाबलेल्या आहेत, कोणत्या खाचेत कोणते बोट आहे, हे आयओसीटीएल या कॉलने कर्नललाच विचारायचे असते. आमच्या प्रोग्रामात त्या नोंदीचा उल्लेखही नव्हता. तो तिला अनोळखी म्हणून ओलांडून पुढे जात होता, आणि गळलेल्या नोंदींत बोट उचलल्याची खबर गेलेली असे. तुमचे वर्णन वाचताना मला दुसरे काही सुचत नाही. छपाई वेगळ्या थ्रेडमध्ये न्या, आणि ‘सिन ड्रॉप्ड’ची व्यवस्था स्वतः लिहा किंवा लिबइनपुटवर सोडा. ते हे काम न सांगता करते, आणि मघाशी मी त्याच्याकडे कल दाखवला तो यासाठी.

ड्रायव्हरमधला तो विलंबाचा पॅच मी काढून टाकला असे म्हणालो असतो तर बरे झाले असते. प्रत्यक्षात तो आमच्या झाडात, म्हणजे आम्ही सांभाळतो त्या कर्नल सोर्सच्या प्रतीत, आणखी दीड वर्ष राहिला, कारण तो का घातला होता हे पॅचसोबतच्या संदेशात मी लिहिलेच नव्हते आणि काढायला कोणी धजेना.

कीपॅडचे उत्तर लहान आहे. इन्व्हर्टर लागताना यूएसबीचा पुरवठा क्षणभर कोसळतो, कीपॅड तुटतो आणि पुन्हा जोडला जातो. तुटताना दाबलेल्या कळा कर्नल आपणहून सोडवतो, तेव्हा त्या बाजूची काळजी नको. पण पुन्हा जोडला जाताना त्याला नवा क्रमांक मिळू शकतो. तुमचा प्रोग्राम ‘इव्हेंट ३’ धरून बसलेला असतो आणि कीपॅड ‘इव्हेंट ७’ झालेला असतो. क्रमांक पक्का लिहिण्याऐवजी ‘बाय-आयडी’ किंवा ‘बाय-पाथ’ खालचे दुवे वापरा. एकाच जातीची दोन उपकरणे असतील आणि त्यांना अनुक्रमांक नसेल, तर ‘बाय-पाथ’च हवा, कारण तो कोणत्या खोबणीत काय आहे यावर ठरतो. दुवा नाहीसा होऊन परत आला की फाइल नव्याने उघडायची, इतके प्रोग्रामने शिकले की झाले. आणि मे महिन्यात पत्र्याच्या केबिनमध्ये, कोणी हात न लावता जे स्पर्श उमटतात असे तुम्ही ओझरते लिहिले आहे, त्यासाठी आधी वीजपुरवठ्याचा अडॅप्टर आणि अर्थिंग बघा. कपॅसिटिव्ह काचेला गोंगाटी पुरवठ्याचा त्रास होतोच, आणि तो कोणत्याही ड्रायव्हरने पुरता निस्तरत नाही.

आता ‘डिफॉल्ट वाय’. केकॉन्फिगमध्ये एखाद्या पर्यायासमोर डिफॉल्ट लिहिणे म्हणजे ज्याने तो पर्याय कधी वाचलाही नाही त्याच्या वतीने उत्तर देणे. म्हणून कर्नलच्या दस्तऐवजात त्याचे निकष आवळलेले आहेत: जे पूर्वी नेहमीच बांधले जात होते आणि आता पर्याय झाले; जो पर्याय स्वतः काही बांधत नाही, फक्त आतल्या पर्यायांचे दार आहे; जो आधीच बंद असलेल्या ड्रायव्हरचा उपपर्याय आहे; किंवा नेटवर्क, ब्लॉक यांच्यासारखे, जे असणारच असे सगळे धरून चालतात. नवा ड्रायव्हर यांपैकी कशातच बसत नाही, आणि आपला ड्रायव्हर सगळ्यांनी बांधावा असे वाटून ‘डिफॉल्ट वाय’ पाठवणाऱ्यांना लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी अनेकदा सुनावलेले आहे. दाराचे चांगले उदाहरण एचआयडीतच आहे. ६.३ च्या सुमारास ‘एचआयडी सपोर्ट’ नावाचा नवा पर्याय आला आणि त्याला ‘डिफॉल्ट वाय’ मिळाले, ते बरोबरच होते. नाहीतर जुनी कॉन्फिग घेऊन आलेल्या माणसाचे कीबोर्ड आणि माउस एका रात्रीत गेले असते.

तुमच्या यंत्रांवर टच का बिघडला, हे तुम्ही जोडलेल्या दोन कॉन्फिग फायलींवरून दिसते. सहकाऱ्याने जुनी फाइल पुढे न नेता डेफकॉन्फिगपासून, म्हणजे कर्नलसोबत येणाऱ्या ठरावीक कॉन्फिगपासून, नव्याने सुरुवात केली, आणि मग मेनूत ‘टचस्क्रीन’ हा विभाग सापडला म्हणून त्यातला यूएसबी टचस्क्रीनचा पर्याय चालू केला. तो पर्याय एचआयडी न बोलणाऱ्या जुन्या पॅनेलसाठी आहे. तुमचे पॅनेल एचआयडी मल्टिटच आहे, त्याचा ड्रायव्हर एचआयडीच्या विभागात ‘एचआयडी मल्टिटच’ या नावाने आहे; २०११ मध्ये २.६.३८ पासून तो कर्नलमध्ये आहे, आणि त्याला स्वतःचे डिफॉल्ट नाही. हा घोटाळा समजण्यासारखा आहे, कारण मेनूची रचना ड्रायव्हर कोणत्या बसवर बोलतो यावर आहे आणि माणूस वस्तूच्या नावाने शोधतो. पण त्यावरचा इलाज स्वतःच्या कॉन्फिगमध्ये एक ओळ लिहिणे हा आहे. केकॉन्फिग ही सगळ्यांची फाइल, डॉट-कॉन्फिग ही तुमची. तुमची गरज तुमच्या फायलीत राहू द्या.

आणखी एक सापळा तुमच्या फायलीत आहे. कर्नल लहान करण्यासाठी तुम्ही ‘एक्स्पर्ट’ चालू केलेले दिसते. एचआयडीतले अनेक विक्रेतानिहाय ड्रायव्हर ‘एक्स्पर्ट नसेल तर वाय’ अशा डिफॉल्टवर असतात. पूर्ण कॉन्फिग पुढे नेली तर जुनी उत्तरे टिकतात आणि काही कळत नाही. पण सेव्हडेफकॉन्फिगने आटोपशीर केलेल्या फायलीतून नव्याने बांधले, की हे सगळे ड्रायव्हर निमूटपणे बंद होतात. सेव्हडेफकॉन्फिग फक्त डिफॉल्टपेक्षा वेगळी उत्तरे लिहून ठेवते, त्यामुळे ती फाइल वाचायला छान असते, मात्र तिचा अर्थ ज्या कर्नलबरोबर ती वाचली जाते त्यावर ठरतो. वरच्या, म्हणजे मुख्य कर्नलच्या, झाडात एखादे डिफॉल्ट बदलले तर तुमच्या फायलीत एक अक्षर न बदलता तुमचा कर्नल बदलतो. ओल्डडेफकॉन्फिगचेही तसेच: नव्या प्रश्नांना ते डिफॉल्ट उत्तर देते, आणि ज्या पर्यायाचे नाव बदलले त्याची जुनी ओळ आवाज न करता गाळते.

मी स्वतः गरजांची एक लहान तुकडा-फाइल ठेवतो, साधारण तीस ओळींची, आणि प्रत्येक ओळीवर ती कोणत्या यंत्रातल्या कशासाठी आहे हे मराठीत लिहिलेले असते. मर्जकॉन्फिग स्क्रिप्ट ती मूळ कॉन्फिगवर चढवते, आणि मागितलेली किंमत शेवटच्या फायलीत उतरली नाही तर तसे छापते. ही सूचना दिसली की बिल्ड तिथेच थांबला पाहिजे, अशी व्यवस्था करा. नुसती छापली तर शेकडो ओळींत ती कोणी वाचत नाही. त्याबरोबर प्रत्येक आवृत्तीची पूर्ण डॉट-कॉन्फिगही साठवा, आणि पुढच्या वेळी डिफकॉन्फिग स्क्रिप्टने दोन्हींतला फरक डोळ्यांखालून घाला. ६.१ ते ६.१२ हा फरक मोठा असेल, एक दुपार जाईल, पण सगळा वाचायची गरज नाही; इनपुट, एचआयडी, यूएसबी, आय२सी आणि पिनकंट्रोल एवढे पुरे. शेवटचे दोन मी मुद्दाम घातले. आय२सीवरच्या टचपॅडला एचआयडीबरोबर आय२सीचा कंट्रोलर आणि इंटरप्ट येतो त्या पिनचा ड्रायव्हर अशी साखळी लागते. एक कडी नसली तरी उपकरण मुके राहते, आणि माणूस चुकीच्या कडीवर दिवस घालवतो.

‘वाय’ (कर्नलमध्येच बांधलेला) की ‘एम’ (गरजेला चढणारे मॉड्यूल), हा प्रश्न इनपुटपुरता सोपा आहे. एन्क्रिप्ट केलेली मूळ डिस्क उघडण्यापूर्वी ज्या कीबोर्डवर परवलीचा शब्द टंकायचा आहे त्याचा ड्रायव्हर ‘वाय’ असावा किंवा इनिट-रॅमएफएसमध्ये (यंत्र सुरू होताना आधी मेमरीत चढणाऱ्या लहान फाइल-संचात) असावा. बाकी सगळे ‘एम’ ठेवा. उपकरण जोडले की यूडेव्ह मॉड्यूल शोधून चढवतो. ‘सिलेक्ट’ हा शब्द वापरून दुसरा पर्याय जबरदस्तीने चालू करण्याचा मोह मात्र टाळा. सिलेक्ट त्या पर्यायाच्या स्वतःच्या अटी पाहत नाही, आणि मग अर्धवट कॉन्फिगवर बिल्ड मोडतो.

शेवटी सांभाळण्याचा प्रश्न. जो पॅच खरोखर कर्नलचाच आहे, तो आपल्या झाडात वाहत बसू नका, वर मुख्य कर्नलकडे पाठवा. दीर्घकालीन आवृत्त्यांचे नियम कडक आहेत, पण उपकरणाचा नवा क्रमांक किंवा क्वर्क (एखाद्या उपकरणाच्या विचित्रपणावरचा खास उपाय) यांना त्यात सवलत आहे. मुख्य कर्नलमध्ये घेतला गेला की तो तुमच्या ६.१२ मध्येही मागून येऊ शकतो, आणि मग तो तुमचा राहत नाही. एचआयडीचे काम जिरी कोसिना आणि बेंजामिन तिस्वार पाहतात, इनपुटचे दिमित्री तोरोखोव्ह. कोणाकडे जायचे हे गेट-मेंटेनर स्क्रिप्ट फाइल पाहून सांगते. संदेशात कोणते उपकरण, काय होत होते, इव्हटेस्टमध्ये काय दिसले आणि हीच दुरुस्ती का, एवढे असले तर दोन ओळींच्या पॅचला वीस ओळींचा संदेशही कोणी जास्त म्हणत नाही.

न पाठवलेल्या पॅचचा त्रास मी लॅपटॉपच्या कीबोर्डच्या बाबतीत भोगला आहे. जुन्या पीएस/२ कंट्रोलरच्या क्वर्कचे २०२२ पर्यंत अनेक वेगवेगळे तक्ते होते, एकासारखा एक दिसणारे. माझी एक नोंद नव्या कर्नलवर चढवताना पॅचची हत्यारे आजूबाजूच्या ओळी साधारण जुळल्या म्हणून ती शेजारच्या तक्त्यात ठेवून मोकळी झाली. बिल्ड झाला, कुठे चूक दिसली नाही, आणि झाकण बंद करून उघडल्यावर कीबोर्ड मेलेला. पुढे ते सगळे तक्ते एकत्र करून प्रत्येक नोंदीपुढे खुणा लावण्याची पद्धत आली, त्यामुळे निदान ही वाट बंद झाली.

प्रत्येक नव्या कर्नलवर साठ यंत्रे हात लावून तपासणे तुम्हाला शक्य नाही, आणि त्याची गरजही नाही. एचआयडी-टूल्समधले एचआयडी-रेकॉर्डर प्रत्येक जातीच्या पॅनेलवर आणि कीपॅडवर एकदा चालवा: चार कोपरे, दोन बोटे, एक लांब ओढ, आणि प्रत्येक अंक एकदा. त्या फाइलमध्ये डिस्क्रिप्टर आणि आलेले बाइट दोन्ही असतात, साध्या मजकुरात. यूएचआयडीच्या, म्हणजे सॉफ्टवेअरमधून एचआयडी उपकरण उभे करण्याच्या, मार्गाने ती नव्या कर्नलवर पुन्हा वाजवता येते. कर्नलला खरे उपकरण जोडले आहे असेच वाटते, आणि पुढे निघणाऱ्या नोंदी मागच्या वेळच्यांशी ताडून पाहता येतात. चोपड्याच्या मिलवर कोणी नवी खेप बसवली तर तिथल्या माणसाकडून ही फाइल मोबाईलवर मागवा आणि उपकरण न पाहता इथे बसून दुरुस्ती करा. माझे निम्मे काम असेच चालते. कीपॅडचे रेकॉर्डिंग मागताना मात्र त्याला आधी प्रोग्राममधून बाहेर पडायला सांगा आणि पासवर्ड टंकू देऊ नका. दाबलेली प्रत्येक कळ त्या फाइलमध्ये उघड लिहिलेली असते, आणि ती फाइल तुम्ही पुढे पॅचसोबत जगभर पाठवणार आहात.